अमेंडमेंट हाये जी

मेलेल्या माणसाच्या दुखवट्याच्या ठरावाला अमेंडमेंट आणणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. आमच्या गावच्या कमिटीचे एक जुने मेंबर वारले होते. कापसाचे दलाल. तोंडानं तिखट, हातानं आखडते. पण गेले म्हटल्यावर सगळेच गोड होतात. कमिटीच्या बैठका रविवारी आमच्या शाळेत भरत, आणि ठराव शुद्ध मराठीत लिहून देण्याची बिनपगारी कामगिरी माझ्याकडे असे. मी लिहिलं होतं, ‘कैलासवासी हे अत्यंत प्रेमळ व मृदुभाषी गृहस्थ होते.’ अध्यक्ष वकीलसाहेबांनी ते आवाज जड करून वाचलं, सगळे उभे राहिले, माना खाली गेल्या, आणि मागच्या बाकावरून शब्द आले, ‘‘अमेंडमेंट हाये जी.’’

वकीलसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘पुंजाजी, अहो दुखवटा आहे हा.’’

‘‘म्हनूनच म्हनतो. ते ‘मृदुभाषी’ तेवढं काढा. त्यायनं जलमभर मले शिव्या देल्या. आता हा मृदुभाषी कोन मेला, मले वळखूच नाई येऊन राह्यला. ‘तोंडावर बोलनारे होते’ असं लिहा. ते खरं हाये, आन् त्यायले आवडलं बी असतं.’’

शेवटी ‘स्पष्टवक्ते’ यावर तडजोड झाली. मृताचा मुलगा वर्षभर पुंजाजींशी बोलला नाही. वांगी मात्र त्यांच्याच मळ्यातली नेत राहिला.

ही हकीकत इंग्रजी अंमलातली, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी सुरू झालेली. मी अकोल्याकडचा. नोकरीच्या निमित्तानं मंगरूळपीरच्या रस्त्यावरच्या या गावात येऊन पडलो होतो. गाव म्हणायला मोठं आणि शहर म्हणायला लहान, अशा गावांना असते तशी आमच्या गावाला एक कमिटी होती, आणि कमिटीला असतो तसा तिला एक डोकेदुखीचा मेंबर होता. त्याचं नाव पुंजाजी. माळीपुऱ्यातून निवडून आलेला. माझ्या भाड्याच्या घराची मागची भिंत त्यांच्या मळ्याला लागून असल्यानं कमिटीची डोकेदुखी मला शेजारी म्हणून मिळाली होती. मी स्वतःला त्या बाबतीत नशीबवान समजतो.

माणूस उंच, काळासावळा, मोट हाकून हाकून एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आलेला. डोक्याला पांढरा फेटा, धोतराच्या गुडघ्यांवर कायमची माती. ते येऊन गेल्यावर खोलीत सांबाराचा वास रेंगाळायचा. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. बोलायचं झालं की दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून सावकाश उठायचे, फेट्याचा शेव मागे टाकायचे आणि मग तोंड उघडायचे. बसून बोलता येतच नसे. ‘‘बसून बोलनं म्हंजे कुरकुर,’’ असं त्यांचं म्हणणं. सरजाबाई, म्हणजे त्यांची बायको, यावर म्हणायच्या, ‘‘म्हनूनच जेवताना गप असते बिचारा. नाईतर ताटावरून उठा लागते.’’

‘अमेंडमेंट’ हा शब्द त्यांच्या हाती कसा लागला ते सांगतो. निवडून आल्यावर पहिल्याच बैठकीत एक ठराव होता, की भाजी विकणाऱ्या बायांनी बाजारात न बसता नाल्यापलीकडे बसावं. कारण दिलं होतं स्वच्छतेचं. खरं कारण हे, की बाजारातल्या दुकानदारांना आपल्या पायऱ्यांपुढे पाट्या नको होत्या. पुंजाजी उठले आणि म्हणाले, ‘‘माहा विरोध हाये.’’ हात मोजले. विरोधात एकच हात, तोही मातीनं भरलेला. ठराव पुढच्या बैठकीत पक्का व्हायचा होता. बाहेर पडताना वकीलसाहेब हसून म्हणाले, ‘‘पुंजाजी, विरोध करून काय होतं? इंग्रजांच्या राज्यात विरोध करत नसतात. अमेंडमेंट आणत असतात.’’ त्यांनी ते गमतीनं म्हटलं. गंमत फार महागात पडली, पण ते पुढे.

पुंजाजी तिथून सरळ माझ्याकडे आले. ‘‘मास्तर, अमेंडमेंट म्हंजे काय जी?’’

मी डिक्शनरी काढली. मला तेव्हा कोणी शब्दाचा अर्थ विचारला की आनंदाचं भरतं यायचं. सांगितलं, की हा शब्द ‘बदल’ या शब्दाचा भाऊ असला तरी सख्खा नाही. बदल वाईटही असू शकतो. अमेंड करणं म्हणजे बरं करणं. ‘रिवाइज’ म्हणजे पुन्हा पाहणं. आमची पोरं परीक्षेच्या आधी रिवाइज करतात, म्हणजे तेच धडे पुन्हा वाचतात आणि तिथंच पुन्हा अडतात. ‘करेक्ट’ म्हणजे चूक काढून टाकणं. अमेंडमेंटमध्ये मूळ ठराव उभाच राहतो. तो मोडायचा नाही, फेकायचा नाही. त्यातला शब्द काढायचा, घालायचा, किंवा एकाच्या जागी दुसरा ठेवायचा. आणि ते कानात सांगून चालत नाही. सभेत सर्वांसमोर उभं राहून मांडावं लागतं, आणि दुसऱ्या कोणीतरी त्याला अनुमोदन द्यावं लागतं. एकट्याची अमेंडमेंट होत नाही.

त्यांनी डिक्शनरीतल्या त्या शब्दावर मातकट बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाले, ‘‘म्हंजे अमेंडमेंट आननाऱ्यानं ठराव आपला म्हटला. परक्याच्या वावरात कोनी निंदन करत नाई.’’

मी म्हटलं, मराठीत याला उपसूचना म्हणतात. त्यांनी मान हलवली. ‘‘ते नोको. ते पाहुन्यावानी वाटते.’’

पुढच्या बैठकीत ठराव वाचून झाला आणि ती आरोळी शाळेच्या कौलांखाली पहिल्यांदा उठली. ‘‘अमेंडमेंट हाये जी. बायांनी नाल्यापलीकडे बसावं, हे मले मंजूर हाये. फक्त त्याच्या म्होरं एवढं घाला, की ‘कमिटीनं नाल्यावर आधी पूल बांधून’.’’ सभेत चुळबुळ झाली. पावसाळ्यात नाल्याला कमरेएवढं पाणी असतं हे कोणाला नाकारता येईना. एका मेंबरानं, बहुधा त्याची बायको रोज ताजी भाजी मागत असावी, अनुमोदन देऊन टाकलं. दुरुस्तीसह ठराव मंजूर झाला. पुलाला पैसा कुठून आणणार? पूल झाला नाही, बाया हलल्या नाहीत. वकीलसाहेब म्हणाले, ‘‘तुम्ही ठराव मारलात.’’ पुंजाजी म्हणाले, ‘‘मारला नाई जी. सुधारला.’’

तेव्हापासून त्या शब्दाला विसावा म्हणून मिळाला नाही. देवळात भजनाचा क्रम ठरला की अमेंडमेंट. लग्नाच्या पंगतीत वरण आधी की भाजी आधी, यात अमेंडमेंट. एकदा मंगरूळपीरच्या उरसात भाजी विकायला गेले असता तिथल्या मुजावराशी दुकानांच्या रांगेवरून बोलणं झालं, तर त्यालाही अमेंडमेंट देऊन आले, आणि तो उर्दूत ‘वाह’ म्हणाला याचा अभिमान त्यांना महिनाभर पुरला. कित्येकदा ते चुकतही. एकदा त्यांनी दिवाबत्तीच्या ठरावात अशी काही दुरुस्ती घुसवली, की सगळे कंदील माळीपुऱ्यात आणि कमिटीचं दार अंधारात. ते निस्तरायला त्यांनाच पुन्हा अमेंडमेंट आणावी लागली. ती आणताना चेहऱ्यावर ओशाळेपणाचा मागमूस नव्हता.

घरात मात्र त्यांची डाळ शिजत नसे. ‘‘आज भाकर आन् ठेचा,’’ सरजाबाई जाहीर करत. ‘‘अमेंडमेंट,’’ पुंजाजी म्हणत, ‘‘संग वांग्याची भाजी.’’ ‘‘अनुमोदन कोनाचं?’’ सरजाबाई विचारत. भिंतीपलीकडून मी गालात हसत ऐकत असे. अनुमोदन कोणाचंच नसे. ‘‘मंग खा ठेचा. तुमचा विंग्रजी शबूद कमिटीत. इथं चूल हाये.’’ त्या बाईला त्या शब्दाचा मनापासून वीट आला होता. ती म्हणायची, लोकाची बायको दारूले रडते, मी या शब्दाले रडतो.

त्यांची एकुलती मुलगी यमुना. मी गावात आलो तेव्हा तिचं लग्न होऊन गेलेलं होतं. दोनच वर्षांत नवरा पटकीनं गेला आणि ती माहेरी परत आली. रंगानं बापावर, आणि गप्प राहण्यात कोणावरच नाही. घरात दोन बोलके असले की तिसऱ्याला जागा उरत नसावी. पहाटे वाफ्यांना पाणी द्यायची, दिवसभर खुरपायची, बाजारात मात्र जायची नाही. तरण्या विधवेच्या हातची भवानी, दिवसाची पहिली खरेदी, कोण करणार? तिनं पिकवलेलं सांबार सरजाबाई विकून येत.

इंझोरीचा एक बिजवर तिला मागायला आला. माणूस बरा, स्वतःचा मळा, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. त्यात अडचण काही नव्हती. या मंडळींत विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागतो; पांढरपेशांत तेव्हा तेवढंही नव्हतं, हे मी पांढरपेशा म्हणून कबूल करतो. पण पाट कसा लागतो, ते मला तोवर ठाऊक नव्हतं. गाव झोपल्यावर लावायचा. हळद नाही, वाजंत्री नाही. मागच्या दारानं आत घ्यायचं, मागच्याच दारानं बाहेर काढायचं, उजाडायच्या आत वेशीबाहेर. सवाष्णींनी त्या जोडप्याचं तोंड पाहायचं नाही. दृष्टीस पडलं तर नवऱ्याच्या आयुष्याला धोका. परवानगी पूर्ण, फक्त ती चोराला द्यावी तशी.

जातीचे पंच देवळापुढच्या लिंबाखाली बसले. म्होरके होते गंगारामजी. वयानं पुंजाजींच्या बरोबरीचे, लहानपणी एकाच विहिरीत उड्या मारलेले. शांत माणूस, दुष्ट मुळीच नाही. मी माझ्या ओट्यावरून पाहत होतो. गंगारामजींनी निकाल सांगितला, ‘‘पुंजाजीच्या पोरीचा पाट लावाले पंचाची हरकत नाई. रीतीपरमानं रातच्याले लावावा.’’

हात गुडघ्यांवर टेकले. शेव मागे गेला.

‘‘अमेंडमेंट हाये जी.’’

दोघे-तिघे हसले. गंगारामजी हसले नाहीत. ‘‘पुंजाजी, हे कमिटी नोहे. पंचाचा शबूद म्हंजे दगडावरची रेघ.’’

‘‘रेघ राहू द्या ना. म्या कुठी पुसून राह्यलो? पाट मले मंजूर, पंच मले मंजूर. फक्त ‘रातच्याले’ काढा, ‘दिवसा’ घाला. आन् मांगचं दार काढा, म्होरचं घाला. बाकी सारं तुमचं.’’

‘‘काहून पन? आजवर कोनाच्या पोरीचं असं झालं? माह्या सख्ख्या बहिनीचा पाट रातच्याले लागला.’’

‘‘मले मालूम हाये. वेशीपरेंत कंदील म्याच धरला होता. ते रडून राह्यली होती आन् आपुन तिले म्हनलो, आवाज नोको करू.’’

गंगारामजींचा चेहरा एकदम दगडासारखा झाला. ते बोलले ते हळूच, पण सर्वांना ऐकू गेलं. ‘‘दिवसा पाट लावला, तं तुह्या घरचं पानी बंद. कोनी हळदीले येनार नाई, का मयतीले येनार नाई. मेला तं खांदा भेटनार नाई.’’

‘‘बैलगाडी हाये माही,’’ पुंजाजी म्हणाले, आणि घराकडे चालू लागले. ज्याला ज्याला त्यांनी नजरेनं अनुमोदन मागितलं, त्यानं त्यानं मान फिरवली होती, हे मी पाहिलं होतं.

वाघासारखा माणूस घरी येऊन तासाभरात कोल्ह्यासारखा विचार करू लागला. त्या संध्याकाळी मला त्यांनी ओट्यावर बोलावलं. सरजाबाई आत चुलीपाशी, यमुना उंबऱ्याशी मिरच्या निवडत बसलेली. पुंजाजींनी तोड काढली होती, पुलासारखीच. पाट दिवसाच लावायचा, पण इथं नाही. इंझोरीला, नवऱ्याच्या मळ्यात, चार आंब्यांच्या आड. इथून गाडी पहाटेच हाकायची. आमचे पंच पाहणार नाहीत, म्हणजे त्यांना राग धरता येणार नाही; आणि सूर्य तर असेलच. ‘‘साप बी मरते आन् काठी बी राह्यते. काय म्हनता मास्तर?’’

मी म्हणालो, छान आहे. मला खरोखरच छान वाटलं होतं. शिकलेल्या माणसाला असली वाट लगेच आवडते.

यमुनेच्या हातातल्या मिरच्या थांबल्या. ती हात पुसून उभी राहिली. बापासारखीच, सावकाश.

‘‘बा, अमेंडमेंट हाये.’’

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

‘‘इंझोरी काढा,’’ ती म्हणाली. ‘‘आपलं दार घाला. आन् पाहाट काढा, बाजाराचा दिस घाला. गाडी बाजारातून जाईन.’’

‘‘यमे, लोकं पाठ फिरवतीन.’’

‘‘फिरवू द्या. त्यायची पाठ तं दिसंन. तुमी मले रातच्या अंधारातून काढून आंब्याच्या अंधारात लपवून राह्यले. म्या काय चोरीचा माल हावो? म्या केलेलं सांबार साऱ्या गावानं खाल्लं. माहं तोंड काहून चालत नाई त्यायले?’’

पुंजाजींनी तिच्याकडे निरखून पाहिलं. रागावले होते की काय, मला कळलं नाही. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. सभेतल्या वकीलसाहेबांच्या ऐटीत ते म्हणाले, ‘‘अमेंडमेंट आली. अनुमोदन कोनाचं?’’

माझ्याकडे पाहत होते. मी परका माणूस, सरकारी नोकर. मी तोंड उघडायच्या आत चुलीपासून आवाज आला.

‘‘माहं.’’

सरजाबाई बाहेरही आल्या नाहीत. भाकरी थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. पुंजाजींनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलेलं मी तेव्हा पाहिलं आणि नंतर एकदाच.

पाट बाजाराच्या दिवशी लागला, सकाळचं ऊन अंगणात उतरल्यावर, पुढच्या दारी. वकीलसाहेबांनी विधवाविवाहावर वाशीमला मोठं भाषण केलं होतं. पाटाच्या दिवशी त्यांना कोर्टाचं तातडीचं काम निघालं. जातीचं कोणी आलं नाही. इंझोरीची चार माणसं, मी आणि उरसातला तो मुजावर, एवढं वऱ्हाड. नवरदेव घामानं भिजला होता. यमुनेनं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि पदर कपाळावर ओढलेला नव्हता.

गाडी बाजारात शिरली तशी दोन्ही बाजूंच्या बाया पटापट पाठमोऱ्या झाल्या. पुलाच्या अमेंडमेंटनं जिथं त्यांची जागा राहिली होती, तिथल्याच त्या बाया. पुंजाजी बैलांपुढे चालत होते, कासरा हातात, नजर सरळ. त्यांनी बैल मुद्दाम हळू चालवले, इतके हळू की बैलच मागे वळून पाहू लागले. मला राग आला होता त्या सगळ्या पाठींचा. आजही येतो.

टोकाशी एक म्हातारी बसायची, तोंडानं फाटकी, पुंजाजींशी रोज भांडणारी. तिनंही पाठ फिरवलेली होती. गाडी तिच्यापाशी आली तेव्हा तिनं पाठमोरीच विचारलं, ‘‘पुंज्या, गेली का गाडी?’’

‘‘नाई बुढे. उभी हाये. तुह्या पाठीशी.’’

‘‘हाकत काहून नाई?’’

‘‘तू पाह्यशीन तवा हाकीन.’’

म्हातारीनं एक सणसणीत शिवी हासडली, वळली, आणि यमुनेकडे डोळे भरून पाहिलं. मग पाटीतली सांबाराची जुडी उचलून तिच्या पदरात टाकली. ‘‘माहा बुढा मरून जमाना झाला,’’ ती शेजारणीला म्हणाली, ‘‘आता कोनाचं आयुष्य कमी होते?’’ आणखी एक-दोघी वळल्या. बाकीच्या नाही वळल्या. गाडी वेशीबाहेर गेली.

घर वाळीत पडलं. मोटेचा एक बैल लंगडा झाला तेव्हा कोणी दुसरा दिला नाही. पुंजाजी आणि सरजाबाई यांनी निम्मा मळा पडीक ठेवला. भजनाला देवळात येऊ देत नसत, तर पुंजाजी आपल्या ओट्यावर टाळ घेऊन बसत आणि देवळातल्या भजनाला तिथून साथ देत, अर्धा ठेका मागे. सगळ्या मंडळाचा ताल चुके. हे ते मुद्दाम करत, याबद्दल मला शंका नाही. यमुना मात्र दर बाजाराला येई, भर दिवसा, पुढच्या दारानं. पुढं कडेवर पोरगंही असे. पोरगं आजोबाचा फेटा ओढी.

वर्षभरानं पंचांनी निरोप धाडला. पुंजाजींना परत घ्यायचं ठरलं होतं. लिंबाखाली सगळ्यांसमोर गंगारामजींनी शब्द वाचून दाखवावेत तसे म्हटले, ‘‘पुंजाजीच्या हातून चूक झाली. पंच त्याले माफ करून राह्यले.’’

सरजाबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या पुटपुटल्या, ‘‘आता उठनार पाहा.’’

‘‘अमेंडमेंट हाये जी. ‘चूक’ काढा. ते काढली का मंग ‘माफ’ आपोआप निंगते.’’

कोणी अनुमोदन दिलं नाही. त्यांनी सर्वांना रामराम केला आणि पुन्हा वाळीत निघून गेले. मी त्यांना त्या दिवशी म्हणालो, की एका शब्दासाठी इतकं कशाला. एवीतेवी तुम्ही मनातून त्यांना मानतच नाही, मग जात सोडूनच द्या. त्यांना माझं बोलणं लागलं. ‘‘मास्तर, तुमीच सांगतलं होतं ना? अमेंडमेंट आननारा ठराव आपला म्हनते. माही हाये म्हनून तं भांडतो. परकी असती तं म्या भाजी इकली असती आन् घरी गेलो असतो.’’ शब्द मी शिकवला होता, पण तो त्यांनी माझ्यापेक्षा खूप लांबपर्यंत नेला होता, आणि मला तिथवर चालायची हिंमत नव्हती.

अशी काही वर्षं गेली. लढाई सुरू झाली, रॉकेल मिळेनासं झालं. मधल्या काळात माळीपुऱ्यात आणखी दोन पाट दिवसाउजेडी लागले. पंचांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. निकाल मात्र तसाच उभा होता, आणि पुंजाजी तसेच बाहेर. मग त्यांच्या छातीत पाणी झालं. खाटेवर पडले. त्याच सुमारास माझी बदली वाशीमजवळच्या मालेगावला झाली. निघायच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला मी त्यांच्याकडे गेलो. खाट पुढच्या खोलीत, दारासमोर. यमुना इंझोरीहून आलेली होती. माणूस फार वाळला होता. सरजाबाईंनी मला बाहेर नेऊन हळूच विचारलं, ‘‘मास्तर, खांदा कोन देईन जी? जावाई एक. मंग?’’

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. गंगारामजी होते. काठी टेकत, डोक्यावरून घोंगडी घेऊन, एकटे. थकले होते तेही. आत येऊन खाटेच्या पायथ्याशी बसले.

‘‘पुंजा,’’ गंगारामजी म्हणाले, ‘‘चूक काढली. म्या पंचाले मनवलं. घर जातीत आलं समज. कोनाले बोलाचं काम नाई. खांद्याची फिकीर करू नोको. म्या हावो.’’

सरजाबाईंनी तोंडावर पदर धरला. मला वाटलं, संपलं एकदाचं. पुंजाजी उठू लागले. उठवेना. यमुनेनं पाठीला हात दिला. हात गुडघ्यांवर टेकवून, अर्धवट उठलेल्या स्थितीत, दम घेत घेत त्यांनी विचारलं,

‘‘गंग्या, मांगच्या दारानं काहून आला?’’

गंगारामजींनी वळून मागच्या दाराकडे पाहिलं.

‘‘उद्या बाजार हाये. उद्या ये. दिवसा. म्होरून. तवा सांग मले हे.’’

‘‘अन् रातीतून तुले काई झालं तं?’’

‘‘तं गाडी हाये.’’

सरजाबाईंच्या तोंडून हुंदका फुटला, पण त्यांनी नवऱ्याला अडवलं नाही. गंगारामजी उठले, घोंगडी सारखी केली आणि आले तसे मागच्या दारानं गेले. पुंजाजी पडून राहिले. डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरत होतं. मित्राला असं परत पाठवायला किती लागलं असेल, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

दुसऱ्या दिवशी माझी दमणी, भाड्यानं ठरवलेली हलकी बैलगाडी, सामान लादून दारी उभी होती. निरोप घ्यायला गेलो, तर पुंजाजी खाटेवर बसते झालेले, मागे पोत्याचा टेका, डोक्याला धुतलेला फेटा. यमुना समोरचं अंगण झाडत होती. मी पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण लक्ष माझ्याकडे नव्हतं. ‘‘सरजे,’’ ते म्हणाले, ‘‘मांगच्या दाराले कुलूप घाल.’’

दमणी बाजारात आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. भाजीच्या पाट्यांमधल्या वाटेनं समोरून गंगारामजी येत होते. घोंगडी नव्हती. पांढरी बाराबंदी, काठी, उघडा चेहरा. टोकाच्या म्हातारीनं हाक मारून विचारलं, ‘‘कुठी निंगाले जी?’’

ते थांबले. दम घेतला. मग साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘पुंजाजीच्या घरी.’’

मी दमणीवाल्याला बैल बाजूला घ्यायला सांगितलं आणि त्यांना वाट दिली.